परतीच्या वाटेवरील युरोप : मराठी प्रवासलेखनातील एक दुर्लक्षित टप्पा
(सातारा-सांगली परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश : परदेशातील दीर्घ मुक्काम संपल्यानंतर मायदेशी परतण्यापूर्वी युरोप खंडात केलेली फेरी हा मराठी प्रवासलेखनात वारंवार येणारा टप्पा आहे. समीक्षेने मात्र त्याकडे मूळ मुक्कामाची पुरवणी म्हणूनच पाहिले. या टप्प्यावर प्रवाशाचे यजमान देशाशी असलेले नाते सैल होते व मायदेशाशी असलेले नाते घट्ट होऊ लागते, त्यामुळे लेखकाची दृष्टी येथेच अधिक स्पष्टपणे प्रकट होते, असे प्रतिपादन प्रस्तुत निबंधात केले आहे. त्यासाठी छत्रपती राजाराम महाराजांची रोजनिशी, महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे प्रवास व आत्मपर लेखन आणि पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' यांचा विचार केला असून रंगो बापूजी व अण्णा भाऊ साठे यांची उदाहरणे तुलनेसाठी घेतली आहेत.

बीजसंज्ञा : प्रवासवर्णन, मुक्काम, फेरी, वासाहतिक संबंध, वाचक, नियतकालिक.

प्रस्तावना

मराठी प्रवासवर्णनाची समीक्षा प्रामुख्याने दोन अंगांनी झाली आहे. लेखनातील माहितीचे मोल पाहणे हे पहिले अंग होय, तर शैलीचे लालित्य व लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाचा विलास तपासणे हे दुसरे. या दोन्ही अंगांनी उत्तम विवेचने झाली. तथापि प्रवासाच्या रचनेचा, म्हणजे तो कोणत्या कारणाने सुरू झाला, कोणाच्या पैशावर झाला, किती काळ चालला आणि कोठे संपला, याचा विचार त्या मानाने कमी झाला. प्रवासाच्या रचनेचा परिणाम लेखनाच्या रचनेवर होतोच. सरकारी कामासाठी गेलेल्या माणसाचे लंडन आणि सुटीत पाहिलेले लंडन ही दोन वेगळी शहरे असतात.

या दृष्टीने 'मुक्काम' आणि 'फेरी' असा भेद करणे उपयुक्त ठरते. मुक्कामात प्रवासी कोणाचा तरी विद्यार्थी, अर्जदार, पाहुणा अथवा प्रशिक्षणार्थी असतो. त्याचा दिवस दुसऱ्याने आखलेला असतो. फेरीत हे बंधन सुटते. काम संपलेले असते, परतीची तारीख ठरलेली असते, खिशातील पैसे मोजके असतात आणि मधले काही दिवस किंवा आठवडे त्याच्या स्वतःच्या मालकीचे असतात. मराठी माणसाच्या बाबतीत या भेदाला आणखी एक परिमाण आहे. दीर्घकाळपर्यंत त्याचा मुक्काम प्रायः इंग्लंडमध्ये, म्हणजे राज्यकर्त्यांच्या देशात होता. फेरी मात्र बेल्जियम, जर्मनी, इटली, हॉलंड, फ्रान्स अशा देशांतून झाली, ज्यांच्याशी त्याचे राज्यकर्ते-प्रजा असे नाते नव्हते. म्हणूनच इंग्लंडमधील नजर आणि खंडावरील नजर यांत फरक पडतो काय, हा प्रश्न तपासण्याजोगा आहे.

सातारा आणि सांगली या परिसराचा संदर्भ येथे केवळ स्थानिक अभिमानापोटी घेतलेला नाही. या भागातून लोक विलायतेस गेले, आणि विलायतेचे वर्णन मराठी घराघरात नेणारे एक महत्त्वाचे मासिकही याच भागात जन्माला आले. प्रवासी आणि वाचक अशी दोन्ही टोके येथे एकत्र पाहता येतात.

मुक्काम आहे, फेरी नाही : रंगो बापूजी

या परिसरातील सर्वांत दीर्घ व सर्वांत शोकात्म परदेशवास रंगो बापूजी गुप्ते यांचा होय. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना ईस्ट इंडिया कंपनीने १८३९ मध्ये पदच्युत केले व काशीस पाठविले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले आणि सुमारे चौदा वर्षे तेथे राहिले. ते तेथे असतानाच १८४७ मध्ये महाराजांचे निधन झाले व १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा करण्यात आले. ज्याच्यासाठी गेले तो धनी राहिला नाही आणि ज्या राज्यासाठी गेले ते राज्यही उरले नाही. १८५३ मध्ये ते रिक्त हस्ते परतले. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९४८ मध्ये 'रंगो बापूजी' हा ग्रंथ लिहून ही कहाणी मराठी वाचकांपुढे ठेवली.

या मुक्कामातून जे लेखन उरले ते अर्ज, निवेदने व कैफियती यांच्या स्वरूपाचे आहे. त्यात लंडन शहर नाही, लंडनमधील कचेऱ्या आहेत. चौदा वर्षांच्या वास्तव्यातून प्रवासवर्णन निर्माण झाले नाही, याचे कारण त्यांच्या दृष्टीच्या मर्यादेत शोधणे अन्यायाचे होईल. ते कारण प्रवासाच्या रचनेत आहे. ज्याचा प्रत्येक दिवस दुसऱ्याच्या निर्णयाची वाट पाहण्यात जातो, त्याला 'पाहण्याचा' अवकाश मिळत नाही. मुक्काम कितीही लांबला तरी तो आपोआप प्रवास होत नाही, ही गोष्ट रंगो बापूजींच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

खंडित फेरी : राजाराम महाराजांची रोजनिशी

याच्या उलट उदाहरण करवीरच्या गादीचे आहे. सातारा व कोल्हापूर या शिवछत्रपतींच्या घराण्याच्या दोन शाखा. त्यांतील कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. समुद्रपर्यटन निषिद्ध मानले जाण्याच्या त्या काळात विलायतेस जाणाऱ्या अगदी पहिल्या हिंदू संस्थानिकांत त्यांची गणना होते. इंग्लंडमधील मुक्काम आटोपल्यावर त्यांनी परतीसाठी युरोप खंडाची वाट धरली. फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध तेव्हा चालू होते व पॅरिसला वेढा पडलेला होता. महाराजांचा मार्ग बेल्जियम, जर्मनी व ऑस्ट्रियाच्या प्रदेशातून इटलीकडे गेला. वाटेत त्यांची प्रकृती बिघडली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू पद्धतीने त्यांचे दहन करण्यात आले. १८७४ मध्ये तेथे त्यांचे स्मारक उभे राहिले. पुढे जवळच झालेल्या पुलालाही 'इंदियानो' म्हणजे 'भारतीयाचा' हेच नाव मिळाले.

प्रवासात महाराज इंग्रजीत रोजनिशी लिहीत असत. त्यांच्यासोबत असलेले ब्रिटिश अधिकारी कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनी ती संपादित करून १८७२ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध केली. या रोजनिशीचे वाङ्मयीन मूल्य ठरविताना तीन बाबी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे भाषा. वीस वर्षांचा मराठी राजा आपला दिवस परक्या, शिकविलेल्या भाषेत नोंदवितो. दुसरी म्हणजे वाचक. ज्यांच्या देखरेखीखाली शिक्षण व प्रवास झाला त्यांच्याच हाती ही वही जाणार, ही जाणीव लिहिणाऱ्याला असणे स्वाभाविक आहे. तिसरी म्हणजे संपादन. इंग्रजी शिक्षणाचे फळ कसे असते, याचा नमुना म्हणूनही त्या ग्रंथाकडे पाहिले गेले असणार.

यामुळे रोजनिशीतील नोंदी त्रोटक, सभ्य व सावध आहेत. कोणास भेटलो, काय पाहिले, कोठे जेवलो, एवढ्यावर त्या बव्हंशी थांबतात. समारंभ, भेटीगाठी व प्रेक्षणीय स्थळे यांच्या गर्दीत लेखकाचे मन क्वचितच डोकावते. अशा लेखनात फेरीचा भाग महत्त्वाचा ठरला असता. दरबारी भेटींचे ओझे उतरल्यावर हा तरुण काय पाहतो, कशाने थबकतो, परतल्यावर आपल्या राज्यात काय करू म्हणतो, हे तेथे उमटण्याची शक्यता होती. परंतु नेमक्या त्याच ठिकाणी आजाराने लेखणी थांबविली आणि पुढची कथा संपादकाच्या शब्दांत आली. मुक्कामाचे लेखन हाती आले आणि फेरीचे अपुरे राहिले. राजाराम महाराजांविषयी इतिहासाला जी हळहळ वाटते, तिच्यात ही वाङ्मयीन हानीही मोजली पाहिजे.

निर्णयाची फेरी : महर्षी विठ्ठल रामजी शिंदे

सांगली, मिरजेप्रमाणेच जमखंडी हेही पटवर्धनांचे संस्थान. तेथे २३ एप्रिल १८७३ रोजी जन्मलेले विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये युनिटेरियन पंथीयांच्या शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माच्या तौलनिक अभ्यासासाठी गेले. दोन वर्षांचा अभ्यासक्रम संपल्यावर १९०३ च्या सप्टेंबरात ॲमस्टरडॅम येथे भरलेल्या उदारधर्मीयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेस ते उपस्थित राहिले व भारतातील उदार धर्माविषयी त्यांनी निबंध वाचला. तेथून युरोप खंडाच्या वाटेने ते ऑक्टोबरमध्ये मुंबईस परतले.

येथे फेरीचे स्वरूप पालटते. ऑक्सफर्डमध्ये शिंदे हे ऐकणारे होते, ॲमस्टरडॅममध्ये ते बोलणारे झाले. विद्यार्थ्याचा प्रतिनिधी होण्याची ही घटना इंग्लंडच्या भूमीवर न घडता हॉलंडमध्ये घडली, ही बाब केवळ भौगोलिक योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. अनेक देशांतील माणसे जेथे एका पंक्तीस बसली होती, तेथे हिंदुस्थानचा माणूसही आपल्या धर्मचळवळीचा वृत्तांत घेऊन समपातळीवर उभा राहिला. पुढील आयुष्यात सार्वजनिक व्यासपीठावर जो आत्मविश्वास त्यांनी दाखविला, त्याचा एक आरंभ येथे शोधता येतो.

शिंदे यांनी विलायतेतून प्रार्थना समाजाच्या 'सुबोध पत्रिके'साठी मराठीत प्रवासपत्रे लिहिली आणि उत्तरायुष्यात 'माझ्या आठवणी व अनुभव' या आत्मपर ग्रंथात त्या काळाकडे पुन्हा पाहिले. राजाराम महाराजांच्या रोजनिशीशी तुलना केली असता फरक चटकन लक्षात येतो. शिंदे यांचा वाचक मायदेशी आहे, भाषा त्याची आहे आणि लेखनावर पालकाची नजर नाही. त्यामुळे निसर्गसौंदर्याने मोहून जाणे व समाजस्थितीचे निरीक्षण करणे या दोन्ही गोष्टी त्यांच्या लेखनात एकत्र नांदतात. सरोवरे व डोंगर पाहणारी त्यांची दृष्टी महानगरातील दरिद्री वस्त्या व तेथे चाललेले सेवाकार्यही पाहते. परतल्यानंतर तीनच वर्षांनी, १८ ऑक्टोबर १९०६ रोजी, त्यांनी भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी म्हणजेच डिप्रेस्ड क्लासेस मिशनची मुंबईत स्थापना केली. युरोपातील निरीक्षण हे या कार्याचे एकमेव कारण होते असे मानणे अतिशयोक्तीचे होईल. अस्पृश्यतेच्या प्रश्नाची त्यांची जाण येथील अनुभवातूनच आली होती. परंतु सेवा संघटित कशी करावी, याचे जे रूप त्यांनी परदेशी पाहिले ते त्यांनी येथे आणले, हे मान्य करावे लागते. म्हणून शिंदे यांच्या बाबतीत फेरी ही विश्रांती ठरत नाही. मुक्कामात मिळालेल्या ज्ञानाचे कार्यात रूपांतर करणारा तो दुवा ठरतो.

औंध, किर्लोस्करवाडी आणि घरी राहिलेला वाचक

फेरीचे लेखन ज्याच्यासाठी होते त्या वाचकाचाही विचार येथे करावयास हवा. औंध संस्थानची राजधानी औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, तर त्याच संस्थानातील कुंडलच्या माळावर १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी वसविलेली किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. यमाईच्या डोंगरावरील त्यांच्या संग्रहालयात भारतीय चित्रांबरोबरच युरोपीय कलाकृती व त्यांच्या प्रतिकृतीही आहेत. युरोपला कधीही न गेलेल्या खटाव-माणच्या माणसाला युरोपचे शिल्प प्रथम पाहावयास मिळाले ते या डोंगरावर.

जे संग्रहालयाने डोळ्यांसाठी केले ते मासिकाने मनासाठी केले. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघू लागले. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली कारखान्याच्या या पत्रिकेचे 'किर्लोस्कर' मासिक झाले. १९३० मध्ये 'स्त्री' व १९३४ मध्ये 'मनोहर' ही भावंडेही निघाली. नांगर व पाण्याचे पंप तयार करणाऱ्या वसाहतीतून निघालेल्या या मासिकांनी उद्योग, विज्ञान, सुधारणा व परदेश यांविषयीचे कुतूहल मध्यमवर्गीय घरात नेले. पुढे मासिकांचा कारभार पुण्यास गेला, पण घडलेला वाचक कायम राहिला. हा वाचक विद्वत्तापूर्ण प्रबंध मागत नव्हता. आपल्यासारखाच एखादा माणूस तिकडे गेला तर त्याचे काय होते, हे त्याला जाणून घ्यावयाचे होते.

मोकळी फेरी : 'अपूर्वाई'

या वाचकाला हवा असलेला प्रवासी 'अपूर्वाई'च्या रूपाने भेटला. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयातून एम. ए. झालेले पु. ल. देशपांडे आकाशवाणीच्या सेवेत असताना दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणासाठी बीबीसीकडे इंग्लंडला गेले. तेथील मुक्काम संपल्यावर त्यांनी फ्रान्स व पश्चिम जर्मनीत काही काळ व्यतीत केला. या अनुभवाचे लेखन 'किर्लोस्कर' मासिकातून क्रमशः आले व १९६० मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. गंगाधर गाडगीळ यांचे 'सातासमुद्रापलीकडे' हे पुस्तकही त्याच सुमारास, १९५९ मध्ये आले होते. स्वातंत्र्यानंतर परदेशी गेलेल्या मराठी लेखकाची ही पिढी होय.

'अपूर्वाई'च्या विनोदाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तथापि इंग्लंडमधील विनोद व खंडावरील विनोद यांची जात एक नाही, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. इंग्लंड हा देश लेखकाला व वाचकाला पाठ्यपुस्तकांतून आधीच माहीत होता. तेथील नद्या, कवी, राजे, शिष्टाचार हे सारे शाळेत पाठ केलेले. त्यामुळे तेथील विनोद ओळखीतून येतो. पुस्तकातला इंग्रज आणि प्रत्यक्षातला इंग्रज, तसेच इंग्रजाची नक्कल करणारा आपला देशी साहेब, यांच्यातील विसंगती हा त्याचा आधार असतो. दीडशे वर्षांच्या नात्याचा हिशेब त्या हसण्यात मिसळलेला असतो.

फ्रान्स व जर्मनीत हा हिशेब नाही. भाषा येत नाही, पूर्वग्रह थोडे आहेत आणि जुने देणे-घेणे नाही. येथे निवेदक अधिक मोकळा होतो. तुलनेची सवय कमी होते आणि आस्वादाला जागा मिळते. संगीत, नाटक व चित्र हे पु. लं.चे जिव्हाळ्याचे विषय. भाषेच्या अभावी माणसांशी जो संवाद होत नाही तो कलेच्या द्वारे होऊ लागतो. दुसरे महायुद्ध संपून तेव्हा दीड दशकही उलटलेले नव्हते. त्या भूमीवरून जाताना विनोदी लेखकाला आपल्या विनोदाची मर्यादाही सांभाळावी लागते. हसणे व गंभीर होणे यांतील हे संक्रमण 'अपूर्वाई'च्या उत्तरभागाला खोली देते.

अर्थात या भागाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. फेरीचा वेग मुक्कामापेक्षा अधिक असतो. इंग्लंडमधील माणसे जशी दैनंदिन सहवासातून उभी राहतात, तशी खंडावरील माणसे राहत नाहीत. ती भेटतात आणि मागे पडतात. शहराच्या दर्शनी भागापलीकडील जीवन, तेथील कामगार व त्यांचे प्रश्न या लेखनात अल्प प्रमाणात येतात. शिंदे यांच्या लेखनात समाजाचे जे निरीक्षण आहे, त्याची जागा येथे रसिकतेने घेतली आहे. हा दोष आहे असे सरसकट म्हणता येणार नाही. पण हा लाभाबरोबर आलेला तोटा आहे, एवढे निश्चित.

मुक्कामाविना प्रवास : अण्णा भाऊ साठे

याच परिसरातील आणखी एका प्रवासाशी तुलना केल्याशिवाय हे विवेचन पूर्ण होत नाही. वाळवा तालुक्यातील वाटेगाव हे अण्णा भाऊ साठे यांचे गाव. त्यांच्या जन्मकाळी, १९२० मध्ये, ते सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये वेगळ्या झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. अण्णा भाऊ १९६१ मध्ये सोव्हिएत रशियाला गेले आणि त्यांनी 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. त्यांच्या वाट्याला परदेशातील शिष्यवृत्ती, महाविद्यालय वा प्रशिक्षण आले नव्हते. शाळेचीही वाट त्यांना लाभली नव्हती. त्यामुळे मुक्कामाच्या अखेरीस करावयाची फेरी ही चैनही त्यांच्यासाठी नव्हती. निमंत्रिताचे मोजके दिवस, एवढाच त्यांचा परदेश.

तरीही त्या प्रवासाला दीर्घ पूर्वतयारी होती. स्टालिनग्राडचा पवाडा त्यांनी महायुद्धाच्या काळातच रचला होता. जे शहर त्यांनी गाऊन मराठी कामगारांपुढे उभे केले, त्या देशाला त्यांनी नंतर प्रत्यक्ष पाहिले. कष्टकऱ्याला तेथे काय मिळते, हा त्यांच्या पाहण्याचा केंद्रबिंदू आहे. परदेशवासाच्या अखेरची फेरी हा शिक्षणाच्या व वर्गाच्या आधारावर मिळणारा अवकाश आहे, हे अण्णा भाऊंच्या उदाहरणावरून कळते. 'अपूर्वाई'तील मोकळेपणा हा स्वभावाचा गुण जसा आहे, तसा तो परिस्थितीने दिलेला लाभही आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी हाती येतात.

१. परदेशवासाच्या अखेरची युरोप-फेरी ही मुक्कामाची पुरवणी नसून लेखनदृष्ट्या स्वतंत्र टप्पा आहे. यजमान देशाचे दडपण सैल झाल्याने लेखकाची निवड व दृष्टी येथे अधिक स्पष्ट होते.

२. ज्याच्या मुक्कामात स्वतःचा वेळ नाही, त्याच्या हातून प्रवासलेखन घडत नाही. रंगो बापूजींच्या चौदा वर्षांतून कैफियती उरल्या, हे याचे उदाहरण होय.

३. लेखनाची भाषा व अपेक्षित वाचक यांवर फेरीचे मोल अवलंबून असते. पालकाच्या नजरेखाली इंग्रजीत लिहिलेली रोजनिशी सावध राहते, तर 'सुबोध पत्रिका' व 'किर्लोस्कर' यांच्या मराठी वाचकांसाठी झालेले लेखन मोकळे होते.

४. राजा, धर्माभ्यासक व मध्यमवर्गीय कलावंत अशा क्रमाने हा अवकाश विस्तारत गेला. तथापि तो सर्वांपर्यंत पोहोचला नाही. म्हणून प्रवासलेखनाच्या मूल्यमापनात शैलीबरोबरच प्रवासाच्या संधीचाही विचार होणे आवश्यक आहे.

आज सातारा व सांगली जिल्ह्यांतील तरुण-तरुणी शिक्षणासाठी व नोकरीसाठी युरोपात जातात. परतण्यापूर्वी चार देश पाहून येणे ही अपूर्वाई राहिलेली नाही. त्या फेरीची छायाचित्रे विपुल निघतात, पण घरी राहिलेल्या माणसाला उद्देशून मराठीत लिहिलेला वृत्तांत क्वचितच तयार होतो. शिंदे यांनी दोन वर्षांच्या शिक्षणाचा हिशेब आपल्या समाजाला दिला आणि पु. लं.नी आपला आनंद वाचकांत वाटला. परदेशी गेलेल्याने मागे राहिलेल्यांचे काही देणे लागते, ही जाणीव या दोन्ही लेखनांच्या मुळाशी आहे. ही जाणीव क्षीण झाली तर प्रवास वाढूनही प्रवासवाङ्मय वाढणार नाही.